कपाटातली कुबडी : जुनी ब्राउनिंग ऑटो-५ घरी खोलून साफ करायची असेल तर

तिसऱ्या बाराला पुढच्या लाकडातून, म्हणजे बॅरलखाली डाव्या हाताने धरायच्या लाकडातून, 'कट्' झालं. बाराच्या दणक्यात ते ऐकू येणं शक्यच नव्हतं, मला ते डाव्या तळहातात जाणवलं. खाली पाहिलं तर अक्रोडाच्या लाकडाला चांगली चार इंच लांब चीर. आजोबांनी आयुष्यभर वापरलेली बंदूक मी एका रविवारी घरी 'साफ' केली होती आणि पुढच्याच शनिवारी फोडली होती.

ज्या म्हाताऱ्या कारागिराकडे ती घेऊन गेलो, त्याने पुढचं लाकूड उतरवलं, आतल्या ट्यूबवरून बोट फिरवलं, ते बोट नाकाशी नेलं आणि विचारलं, "साहेब, लोणचं घातलं होतं का हिचं?" माझ्या दोन चुका झाल्या होत्या. जिथे तेलाचा हात पुसून घ्यायचा तिथे मी तेल ओतलं होतं, आणि एक पोलादी रिंग भलत्या जागी बसवली होती. दोन्ही गोष्टी पाच मिनिटांत सांगण्यासारख्या आहेत, पण मला त्या कुणी सांगितल्या नव्हत्या. म्हणून हे सगळं लिहून काढतोय.

बंदूक कुठली ते आधी सांगतो. ब्राउनिंग ऑटो-५, १२ बोअर, बेल्जियममध्ये बनलेली. रिसीव्हरची, म्हणजे यंत्रणा ज्यात बसते त्या मधल्या धातूच्या पेटीची, मागची बाजू चौकोनी, खांद्यासारखी वर आलेली असते, म्हणून आमच्या घरात तिचं नाव 'कुबडी'. मॅगझिनमध्ये (बॅरलखालच्या काडतुसांच्या नळीत) चार आणि चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला, जिथून बार उडतो तिथे) एक अशी पाच काडतुसं, त्यावरून तो ५. अमेरिकन बंदूक-रचनाकार जॉन ब्राउनिंगने १९०० साली तिचं पेटंट घेतलं. रॉयल्टीवरून विंचेस्टर या तिथल्या बंदूक कंपनीशी बिनसलं. मग तो रेमिंग्टन या दुसऱ्या कंपनीकडे गेला, तर भेटीची वाट बघत बसलेला असतानाच तिथले प्रमुख मार्सेलस हार्टली हृदयविकाराने गेले. ते साल १९०२. शेवटी स्वारी बोटीत बसली आणि बेल्जियममधल्या हेर्स्टालच्या एफएन या शस्त्रकारखान्यात पोचली. तिथून पुढे जवळजवळ शतकभर ही बंदूक बनत राहिली. आपल्याकडे शिकारीच्या दिवसांत आलेल्या बऱ्याच ऑटो-५ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर जुन्या घरांच्या कपाटांत गेल्या आणि तिथेच राहिल्या.

ती साफ करणं दोननळीपेक्षा वेगळं का, हे एकदा समजून घ्या, म्हणजे पुढच्या सूचना पाठ कराव्या लागणार नाहीत. दोननळीत बॅरल जागचं हलत नाही. इथे बार उडाला की बॅरल आणि बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता ठोकळा) एकमेकांना जखडलेले असे दोघेही काडतुसाच्या लांबीहून जास्त मागे येतात. मग बॅरल एकटं पुढे जातं, रिकामं काडतूस बाहेर पडतं, आणि मागून बोल्ट नवीन काडतूस घेऊन येतो. एवढं जड बॅरल मागे येताना त्याला आवरायचं काम मॅगझिन ट्यूबवरची एक मोठी स्प्रिंग आणि पितळी ब्रेक करतात. माझी चूक नेमकी त्या ब्रेकमध्ये होती.

१. आधी कागद, मग पेचकस

बंदूक टेबलावर घेण्यापूर्वी हे कागद काढून ठेवा:

- मूळ परवाना, त्यावरच्या यूआयएन, म्हणजे परवानाधारकाच्या स्वतंत्र ओळख क्रमांकासह. मुदत तपासा.
- परवान्यात लिहिलेलं बंदुकीचं वर्णन आणि नंबर. हा नंबर बंदुकीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळतोय का बघा.
- काडतुसांच्या खरेदीच्या नोंदी.
- वारसाने आलेली असेल तर मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती आणि बंदूक जमा केल्याची पावती.

शेवटच्या मुद्द्यावर बरेच जण अडकतात. परवानाधारक वारला की बंदूक घरात ठेवण्याचा हक्क आपोआप मुलांकडे येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार विनाकारण उशीर न करता ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची, आणि मग आपल्या नावाने परवान्यासाठी अर्ज करायचा. मुंबईत हा अर्ज पोलीस आयुक्तालयात जातो. 'बाबांचीच तर आहे, कपाटात पडून राहील' म्हणत ती तशीच ठेवणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाने आलेली धरून. शिवाय ही अर्धस्वयंचलित आहे. नियमांत तिचा वर्ग साध्या दोननळीचा नाही, त्यामुळे परवान्यावरचा वर्ग डोळे उघडे ठेवून वाचा.

परवाना तुमच्या नावाचा नसेल तर परवानाधारक समोर बसलेला हवा. मदतीला म्हणून शेजारच्या मुलाला बोलावू नका. घरात पुसणं, तेल लावणं हे तुमचं काम. दुरुस्ती मात्र परवाना असलेल्या दुकानातच, आणि तिथे जाताना मूळ परवाना खिशात हवा. मोबाइलमधला फोटो चालेल असं मला वाटलं होतं. नाही चालत.

२. टेबलावर काय काय हवं

बंदुकीच्या दुकानातून आणायच्या वस्तू मोजक्याच आहेत: तीन तुकड्यांची रॉड, १२ बोअरचा फॉस्फर ब्राँझ ब्रश, लोकरी मॉप, कापडाची चिंधी अडकवायचं टोक, बॅरल साफ करायचं सॉल्व्हंट, बंदुकीचं पातळ तेल आणि दोन स्नॅप कॅप, म्हणजे दारू नसलेली खोटी काडतुसं. बाकी सगळं घरात सापडतं. जुने धुतलेले गंजीफ्रॉक, दोन टूथब्रश, कानातल्या कापसाच्या काड्या, बांबूच्या काड्या, मेडिकलमधलं गॉज. टेबलावर पांढरी चादर अंथरा, वर्तमानपत्र नको. पांढऱ्यावर बारीक स्प्रिंग लगेच दिसते, छापील मजकुरात ती हरवते.

पेचकसाबद्दल थोडं जास्त लिहितो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर पेचकसांचे ढीग मिळतात, पण साध्या पेचकसाचं पातं टोकाकडे निमुळतं असतं. बंदुकीच्या स्क्रूची खाच सरळ भिंतींची असते, त्यामुळे ते फक्त वरच्या काठावर टेकतं, जोर दिला की निसटतं आणि खाचेचे कान फाडतं. जुन्या बंदुकांचे कुरतडलेले स्क्रू पाहिले असतील, ते सगळे असेच झालेले. समांतर पात्याचा पेचकस मागा, खाचेत गच्च बसणारा. खरं तर या लेखातल्या कामाला एकही स्क्रू काढावा लागत नाही. पेचकस घ्यायचा तो फक्त सैल झालेला दिसला तर घट्ट करायला.

काय आणायचं नाही, तेही सांगतो. खोबरेल तेल नको. गावाकडे अजून लावतात, पण ते हळूहळू चिकट होतं, आणि चोवीस अंशांखाली गोठतं. थंडीत गावी नेलीत तर बोल्ट अर्ध्यावर बसतो. शिवणयंत्राचं तेल अडीनडीला चालेल. बिजागऱ्या सोडवायचा फवारा पाणी हटवायला चांगला आहे, पण तो वंगण म्हणून मारून बंदूक कपाटात टाकू नका. पॉलिश पेपरला तर हातच लावू नका.

खिडक्या उघड्या ठेवा. सॉल्व्हंट पेट घेतं, त्यामुळे देव्हाऱ्यातलं निरांजन विझल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडू नका. आणि जेवणाचं टेबल वापरू नका. ब्रशबरोबर शिसं बाहेर येतं आणि ते पोळीवर नको.

३. रिकामी आहे? पुन्हा बघा

काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. नुसती बाजूला सरकवून भागत नाही. सेफ्टी लावा. बऱ्याच जुन्या बंदुकांत ती चापाच्या पुढे, गार्डच्या आत असते, म्हणजे सेफ्टी शोधणारं बोट चापाजवळूनच जातं. तेव्हा तोंड आधी सुरक्षित दिशेला. फ्लॅटमध्ये 'सुरक्षित दिशा' शोधणं सोपं नाही, कारण भिंतीपलीकडे कुणीतरी राहतंच. मी बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात तांदळाचं भरलेलं पोतं ठेवून त्या दिशेला धरतो.

उजव्या बाजूचं हँडल मागे ओढा. चेंबरमध्ये काडतूस असेल तर बाहेर पडेल. आता इथला सापळा बघा. बेल्जियन ऑटो-५ च्या रिसीव्हरवर डाव्या अंगाला एक छोटा खटका असतो, मॅगझिन कट-ऑफ. तो लावलेला असला की मॅगझिनमधली काडतुसं आतच राहतात. शिकाऱ्याला चेंबरमधलं एकच काडतूस बदलायची सोय म्हणून तो दिलेला आहे. तुम्ही हँडल ओढता, काही येत नाही, तुम्ही म्हणता रिकामी आहे. आत चार असतात. तेव्हा आधी कट-ऑफ उघडा आणि काही बाहेर पडत नाही तोवर हँडल ओढत राहा. मग बंदूक उलटी करून खालची पट्टी बोटाने दाबा आणि मॅगझिनच्या तोंडात बघा. गोल धातूचा फॉलोअर दिसला पाहिजे, काडतुसाची पितळी टोपी नव्हे. चेंबरमध्ये करंगळी घालून पाहा. डोळ्यांनी बघितलं तरी करंगळी घाला.

बंदूक रिकामी असली की बोल्ट मागे अडकून राहतो. बाजूचं बटण दाबलं की तो स्प्रिंगच्या जोराने पुढे येतो. करंगळी आत असताना दुसऱ्या हाताने बटण दाबलं तर काय होतं, ते माझ्या नखाने दोन महिने काळं राहून दाखवलं.

४. बॅरल उतरवणं

बोल्ट मागे अडकवलेलाच ठेवा. तो पुढे असताना बॅरल त्याला जखडलेलं असतं आणि सुटत नाही.

दस्ता सतरंजीवर टेकवा, तोंड छताकडे. स्वतःचं तोंड बाजूला. डाव्या हाताने बॅरल अर्धा इंच खाली दाबा, म्हणजे आतल्या स्प्रिंगचा ताण टोपीवरून हटेल. उजव्या हाताने मॅगझिनची टोपी फिरवून काढा. आता बॅरलवरचा हात एकदम सोडू नका. स्प्रिंग त्याला वर ढकलतच असते. हळूहळू वर येऊ द्या, पुढचं लाकूड सरळ पुढे ओढून काढा आणि मग बॅरल. लाकूड तिरकं ओढायचं नाही. आतून ते इतकं पातळ असतं की पहिल्यांदा हातात घेतलं की भीतीच वाटते.

बॅरल निघालं की बोल्ट बटण दाबून सोडू नका. समोर बॅरल नसताना तो धाडकन पुढे आला की आतल्या भागांना मार बसतो. हँडल घट्ट धरा, बटण दाबा आणि हाताने हळू पुढे न्या.

५. रिंगा

इथे थांबा आणि मोबाइलने फोटो काढा. काहीही हलवण्याआधी, दोन्ही बाजूंनी.

मॅगझिन ट्यूबवर मोठी रिकॉइल स्प्रिंग दिसेल. तिच्याबरोबर आणखी दोन वस्तू असतात. एक पोलादी रिंग, आतून एका बाजूला उतार दिलेली. दुसरी एका जागी मुद्दाम फट ठेवलेली पितळी रिंग, तिच्या कडाही उतरत्या. बॅरलच्या खालच्या कड्याला पण आतून उतार असतो. बॅरल मागे आलं की पितळी रिंग या उतारांमध्ये चेपली जाते आणि ट्यूबला आवळते. सायकलच्या ब्रेकच्या रबराचंच काम.

जड काडतुसांसाठी रिसीव्हरकडून तोंडाकडे क्रम असा: स्प्रिंग, मग पोलादी रिंग (उतार पितळेकडे), मग पितळी रिंग, मग बॅरलचं कडं. पितळ दोन्हीकडून चेपलं जातं, ब्रेक पुरा लागतो.

हलक्या काडतुसांसाठी पोलादी रिंग तिथून काढून स्प्रिंगच्या मागे, रिसीव्हरला टेकवून ठेवतात. ती तिथे नुसती बसून असते. पितळ स्प्रिंग आणि बॅरलच्या कड्यामध्ये राहतं, ब्रेक अर्धा लागतो.

त्या रविवारी मी सगळं काढून चादरीवर मांडलं, फोटो न काढता. परत लावताना पोलादी रिंग हातात घेतली आणि मनात म्हटलं, हा वॉशर आहे, वॉशर तळाला जातो. लावला तळाला. मग ट्यूबवर तेलाची धार सोडली, कारण सरकणाऱ्या भागाला तेल हवं हे आपण शाळेत शिकलोय. पुढच्या शनिवारी खडकीच्या कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसं भरली, तीही जड भाराची. अर्धा ब्रेक, तोही तेलात बुडालेला. बॅरल प्रत्येक बाराला रिसीव्हरवर आदळत होतं, आणि तिसऱ्याला लाकडाने हात टेकले.

म्हणून शंका असेल तर जड काडतुसांची मांडणी ठेवा. हलक्या काडतुसाला ती जास्त पडली तर फार फार तर रिकामं काडतूस बाहेर फेकलं जाणार नाही आणि तुम्हाला हँडल ओढावं लागेल. उलटं केलंत तर कारागिराकडे जावं लागेल. मॅग्नम १२ मॉडेलमध्ये पितळी तुकडे दोन असतात. ते दोन दिसले तर एक 'जास्तीचा' म्हणून डबीत टाकू नका.

ट्यूब, रिंगा आणि स्प्रिंग सॉल्व्हंटच्या फडक्याने पुसा. जुनं तेल मधासारखं पिवळट, चिकट झालेलं असतं. पितळेवर काळा थर असेल तर टूथब्रश पुरे. नंतर फडक्यावर तेलाचे दोन थेंब घ्या, ट्यूबवरून एक हात फिरवा, आणि लगेच कोरड्या फडक्याने तेच पुसून घ्या. बोट फिरवल्यावर चमक दिसावी, बोट ओलं होऊ नये.

स्प्रिंग मोकळी करून ट्यूबवर सरकवा. ती ट्यूबच्या टोकापर्यंतही पोचत नसेल तर थकलेली आहे. ताणून लांब करू नका, नवीन मागवा.

६. बॅरल

यात फारसं काही नाही. चेंबरच्या बाजूने तोंडाकडे, नेहमी एकाच दिशेने. सॉल्व्हंटची चिंधी एकदा, दहा मिनिटं थांबा, ब्राँझ ब्रश दहा-बारा वेळा, मग कोरड्या चिंध्या. चिंधी पांढरी बाहेर आली की थांबा. ब्रश मध्यावर उलटा फिरवू नका, पूर्ण बाहेर काढून मग मागे घ्या.

तोंडाशी पांढरा कागद धरा, त्यावर टॉर्च मारा आणि चेंबरकडून बघा. करड्या लांबट रेषा दिसल्या तर ते शिसं, ब्रशने जाईल. चेंबरच्या पुढे निमुळत्या भागात चकचकीत पट्टे दिसले तर ते काडतुसात छर्‍यांमागे असणाऱ्या प्लॅस्टिकच्या वॉडचे, तेही जातील. काळे ठिपके मात्र गंजाचे खड्डे आहेत. ते घासून जात नाहीत, आणि ते घालवायचा नाद करू नका.

आता बॅरलवरची चिन्हं वाचा. मुकुटाखाली लंबगोलात ईएलजी ही अक्षरं असतील तर ती बेल्जियममधल्या लिएज शहराच्या सरकारी चाचणीची खूण. तारे म्हणजे चोक, बॅरल तोंडाशी किती निमुळतं आहे ते: एक तारा फुल, दोन मॉडिफाइड, तीन सिलिंडर, म्हणजे चोकच नाही. चेंबरची लांबीही लिहिलेली असते, १२-७० अशी. युद्धापूर्वीच्या १६ बोअरच्या ऑटो-५ मध्ये चेंबर ६५ मिलिमीटरची असायची, आणि आज दुकानात ७० मिळतं. काडतुसावर लिहिलेली लांबी बार उडून तोंड उघडल्यानंतरची असते. म्हणून ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. 'बसतंय म्हणजे चालतंय' हा हिशेब इथे चुकीचा आहे.

७. रिसीव्हर : वरवर, आणि तेवढंच

इथे प्रत्येक जण एकदा मोहात पडतो. आतमध्ये काय आहे ते बघावं वाटतं. ऑटो-५ च्या बाजूचे मोठे स्क्रू नीट पाहा, त्यांच्याशेजारी बारके स्क्रू दिसतील. ते मोठ्यांना फिरू न देण्यासाठी आहेत. बारका न काढता मोठ्यावर जोर दिला तर दोन्हींचं वाटोळं होतं. आणि सगळं बरोबर काढलंत तरी आत चापाचा संच, काडतूस उचलणारी पट्टी, त्यांच्या स्प्रिंगा आणि दस्त्याच्या लाकडात लपलेली बोल्टची लांब स्प्रिंग आहे. वर्षभरात बंदूक दोनदा उडत असेल तर तिथे जायची गरज नाही. दहा-बारा वर्षांतून एकदा कारागिराकडून करून घ्या.

तुमचं काम एवढंच: बोल्ट मागे अडकवा. टूथब्रशला किंचित सॉल्व्हंट लावून बोल्टचं तोंड, काडतूस ओढणारा आकडा आणि आतल्या भिंती घासा. आकड्याखालचा मळ बांबूच्या काडीने काढा. बहुतेक वेळा काडतूस अडकण्याचं कारण तिथेच सापडतं. कापसाच्या काडीने कोरडं करा. बोल्टच्या सरकण्याच्या कडांवर तेलाचा एकेक थेंब, बस.

जास्त तेल टाकलंत तर ते तिथे थांबत नाही. उभ्या ठेवलेल्या बंदुकीत ते खाली उतरून दस्त्याच्या लाकडात शिरतं. रिसीव्हरला लागून असलेलं लाकूड काळपट, मऊ दिसत असेल तर कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या हेच केलंय. साफसफाई झाली की पहिल्या रात्री बंदूक तोंड खाली करून, खाली फडकं ठेवून, कपाटाच्या कोपऱ्यात उभी करा.

८. लाकूड आणि गंज

लाकूड ओलसर फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा. तेलाचं फिनिश असेल तर अळशीचं तेल बोटाच्या टोकाने, नखाएवढं. लाखेचं किंवा वार्निशचं असेल तर काही लावू नका. अळशीच्या तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. ती वाळताना तापतात आणि आपोआप पेटतात. बाल्कनीत पसरून वाळवा, मग फेका.

धातूवर तांबूस पूड असेल तर भरपूर तेल लावा, तासभर थांबा, सर्वांत बारीक, म्हणजे चार शून्यांच्या स्टीलवुलने अगदी हलक्या हाताने फिरवा. आजूबाजूचा निळसर रंग जायला लागला की थांबा. एकसारखा झालेला तपकिरी-करडा रंग गंज नव्हे, वय आहे. काही दुकानदार पुन्हा 'ब्लूइंग' करून नवी करून देतो म्हणतात. नव्यासारखी होतेही, पण कोरीव काम बोथट होतं आणि नंबर पुसट. परवान्यावरचा नंबर वाचता आला नाही की पुढची धावपळ तुमची.

९. परत जोडणं

बोल्ट मागे. फोटो समोर. रिंगा फोटोप्रमाणे नव्हे, तर कुठली काडतुसं वापरणार त्याप्रमाणे. कारण आधीच्या माणसानेही 'वॉशर' तळाला लावलेला असू शकतो. बॅरल, मग लाकूड, मग दस्ता सतरंजीवर टेकवून बॅरल अर्धा इंच दाबायचं आणि टोपी पूर्ण बसेपर्यंत फिरवायची. लाकूड हाताने हलवून बघा. खुळखुळत असेल तर टोपी पूर्ण बसलेली नाही, आणि सैल लाकूडही तडकतं.

मग दस्ता टेकलेलाच ठेवून, बॅरल दोन्ही हातांनी खाली दाबा. जोर लागतो. ते एकसारखं खाली जायला हवं, आणि सोडताना हात बरोबर ठेवलात की एकसारखं वर यायला हवं. मध्येच अडकलं तर पितळी रिंग तिरकी बसली आहे. स्नॅप कॅप भरून हँडल चार-पाच वेळा ओढून बघा. सेफ्टी लावून चाप दाबा, काही होता कामा नये. हे करतानाही पोत्याची दिशा विसरू नका.

पहिल्यांदा रेंजवर नेलीत की फक्त एक काडतूस भरा. बार झाल्यावर पुढचं लाकूड बघा. मग दुसरं.

१०. पावसाळा

आमचं घर प्रभादेवीला, समुद्र दोन गल्ल्यांवर. जूनमध्ये चपलांवर बुरशी येते तिथे पोलादाची काय कथा. सगळ्यात मोठा गैरसमज जुन्या चामडी पेटीबद्दल आहे. मखमली अस्तर, पितळी कुलूप, दिसायला राजेशाही, पण चामडं आणि मखमल दोन्ही ओल धरतात आणि बंदूक त्यात आतून गंजते. पेटी फक्त नेण्याआणण्यासाठी. घरात कुलूपबंद लोखंडी कपाट, आत सिलिका जेलच्या पिशव्या. रंग बदलणारं जेल घ्या. निळ्याचं गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर परत निळं होतं. त्या कढईत नंतर पोहे करू नका. काडतुसं वेगळ्या, कोरड्या, कुलपातल्या डब्यात. फुगलेलं किंवा टोपी हिरवी पडलेलं काडतूस भरू नका.

जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी तेलाचं फडकं बाहेरून एकदा फिरवा. पाच मिनिटांचं काम आहे, बंदूक खोलायची नाही. निवडणुकीत जमा करायची नोटीस आली तर तेल लावून, फोटो काढून, नंबर लिहिलेली पावती घेऊन द्या. परत मिळाली की त्याच दिवशी पूर्ण साफ करा, कारण तिथे ती कुठल्या भिंतीला टेकून होती ते तुम्हाला कळणार नाही.

राहता राहिली खंडेनवमी. आमच्याकडे बंदूक पूजेला लागते, झेंडूची माळ चढते, हळदकुंकू वाहतात. ओलं कुंकू आणि फुलांचा ओलावा रात्रभर धातूवर राहिला की सकाळी डाग पडलेला असतो. कुंकू लाकडाला लावा, माळ पाटावर ठेवा, आणि संध्याकाळी आरती झाली की फडकं फिरवा. आमच्या कुबडीच्या रिसीव्हरवर उजवीकडे बोटाच्या ठशाएवढा तपकिरी डाग आहे. तो आजीच्या बोटाचा. स्टीलवुलने सहज निघेल, पण तेवढी जागा सोडूनच मी फडकं फिरवतो.